काँगोच्या ओळीपुढचा ‘चूक’

ऐरोलीतल्या आमच्या कचेरीत कोणी डोकावले, तर आम्ही तिघे दिवसभर एक्सेल भरत बसलेले दिसू. वसाहतींच्या स्वातंत्र्याबद्दल गुप्तचर संस्थांनी आणि जाणकारांनी वर्तवलेली भाकिते, आता खुल्या झालेल्या कागदांतून वेचून, ती कितपत खरी ठरली हे आम्ही नोंदवतो. पुढे काय घडले हे ठाऊक असलेल्या माणसाला जुन्या कागदातल्या प्रत्येक वाक्यात भविष्यवाणी दिसू लागते, म्हणून एकच कागद दोघांनी वेगवेगळा वाचायचा असा नियम आहे.

वाक्यातून तीन गोष्टी काढायच्या असतात: काय घडेल, केव्हापर्यंत आणि किती खात्रीने. सगळे भांडण तिसरीवर होते. १९५१ साली युगोस्लाव्हियावरील हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ आहे असे अमेरिकी गुप्तचर अहवालात लिहिले गेले, तेव्हा तो तयार करणाऱ्या, सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेतल्या शर्मन केंट यांच्या सहकाऱ्यांच्या मनातले आकडे २० पासून ८० टक्क्यांपर्यंत पसरलेले निघाले. मी चहाच्या वेळी माझ्या दोघा सहकाऱ्यांना ‘बहुधा’ म्हणजे किती टक्के असे विचारले. एक ६० म्हणाला, दुसरी ९०, आणि दोघेही ठाण्याचेच. टक्के हाती आले तर ब्रायर गुण, म्हणजे भाकीत आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाचा वर्ग, काढता येतो: ९० टक्के सांगितलेले घडले तर ०.०१, न घडले तर ०.८१, आकडा जितका लहान तितके भाकीत चांगले.

त्या मंगळवारी दोन नोंदी लागोपाठ आल्या. पहिली सप्टेंबर १९४८ मधल्या सीआयएच्या अहवालातली. वसाहतींची साम्राज्ये मोडत चालली आहेत, हे त्यात नेमके ओळखलेले आहे. पण तोवर भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश आणि सिलोन स्वतंत्र झालेले होते आणि मी वेचलेल्या वाक्यात पुढची एकही तारीख नव्हती. सहकाऱ्याने त्यापुढे ‘बरोबर’ लिहिले. दुसरी नोंद बेल्जियमचे प्राध्यापक व्हान बिल्सन यांची. बेल्जियन काँगोला टप्प्याटप्प्याने स्वातंत्र्य देण्यासाठी त्यांनी १९५५ मध्ये तीस वर्षांची योजना मांडली, तेव्हा ही अवास्तव घाई आहे म्हणून त्यांच्याच देशात त्यांच्यावर टीका झाली. जानेवारी १९५९ मध्ये तिथली राजधानी लिओपोल्डव्हिलमध्ये दंगली उसळल्या आणि ३० जून १९६० रोजी काँगो स्वतंत्रही झाला. त्यांच्यापुढे सहकाऱ्याने ‘चूक’ लिहिले.

नियमाप्रमाणे सहकारी चुकलेला नव्हता. अंदाज पंचवीस वर्षांनी हुकला होता. पण ज्याने तारीख सांगितलीच नाही तो पास आणि आपल्या काळात सर्वांत पुढे जाऊन ज्याने आकडा लिहिला तो नापास, हे मला गिळवेना. मी म्हटले, पहिल्याला ‘ठरवता येत नाही’ द्या आणि दुसऱ्याला दिशेचे व मुदतीचे गुण वेगळे द्या. गोरे राज्यकर्ते टिकून राहणार हे गृहीत धरणाऱ्या, आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागावरील १९६९ च्या अमेरिकी अभ्यासाबद्दल आमचा वाद दोन मिनिटांत मिटला होता. एप्रिल १९७४ च्या लिस्बनमधल्या उठावानंतर १९७५ मध्ये मोझांबिक आणि अंगोला या पोर्तुगीज वसाहती स्वतंत्र झाल्या, त्यामुळे तिथे बोलण्यासारखे काही उरलेच नव्हते. इथे मात्र आमच्या प्रमुखबाईंनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकल्या आणि तक्त्यात नवा रकाना वाढवता येणार नाही, असे सांगितले. ग्राहकाला रकाने आधीच कळवलेले होते.

शेवटी पहिल्या ओळीत ‘बरोबर’ आणि काँगोच्या ओळीत ‘चूक’ हेच राहिले. शेरा लिहायच्या रकान्यात मी सहा ओळींचे स्पष्टीकरण घातले आणि साडेसातची ठाणे लोकल पकडली. गाडी दिघ्याजवळ आल्यावर आठवले, की ग्राहकाला जाणाऱ्या प्रतीत शेऱ्यांचा रकाना लपवलेला असतो.