बारचार्ट भिंतीवर, बोल्ट भलतीकडे

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं नवीन शेड आणि लूम बसवायचं काम माझ्याकडे होतं. मी एक्सेलमध्ये कुठलं काम कधी याचा रंगीत बारचार्ट काढला, मोठी प्रिंट मारून भिंतीला चिकटवला आणि झालं की प्लॅनिंग, असं मनापासून वाटलं.

पहिला दणका गड्ड्याने, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेने दिला. पत्रे चढवायचं काम मी नेमकं संक्रांतीच्या आठवड्यात टाकलेलं, म्हणजे सोलापुरात जन्म काढून हे! निम्मी लेबर यात्रेत. याला रिस्क तरी कसं म्हणायचं, कॅलेंडरवर छापलेलं असतंय.

दुसरा जास्त लागला. लूमवाल्याने फाउंडेशनचं सुधारित ड्रॉइंग शेठच्या व्हॉट्सॲपवर टाकलं, शेठ लग्नात, त्यांनी अंगठा दाखवला आणि विसरले, आणि इकडे आमच्या काँट्रॅक्टर अण्णांनी जुन्या कागदावरच बोल्ट रोवून काँक्रीट ओतलं. मशीन क्रेनला लटकलेलं, खाली घेतोय तर भोकं बोल्टावर बसेचनात. अण्णा टेप घेऊन उकिडवे बसले, तीनदा मोजलं. ४० एमएमचा फरक.

"माझं माप बरोबर आहे की ओ, कागदच जुना दिलाय तुम्ही."

बोलायला तोंडच नव्हतं. क्रेनचं भाडं चालू, ब्रेकरचा आवाज चालू.

नंतर पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या परीक्षेचा अभ्यास करताना पीएमबॉक या त्यातल्या मार्गदर्शक पुस्तकाच्या २०१७ च्या सहाव्या आवृत्तीतला तक्ता बघितला आणि हसूच आलं. एकूण ४९ प्रोसेस, त्यातल्या २४ नुसत्या प्लॅनिंगच्या, आणि त्या स्कोप, खर्च, क्वालिटी, माणसं, खरेदी अशा दहाच्या दहा नॉलेज एरियात पसरलेल्या. शेड्यूलच्या वाट्याला त्यातल्या ५, रिस्कलाही ५च. म्हणजे माझा तो रंगीत चार्ट दहातल्या एका खणाचा होता. कम्युनिकेशनला तर प्लॅनिंगची एकच प्रोसेस आहे, आणि माझं काँक्रीट तिथंच फुटलं. (२०२१ च्या सातव्या आवृत्तीत ती मांडणीच बदलली, प्लॅनिंग आठ परफॉर्मन्स डोमेनपैकी एक झालं, पण मला जुना तक्ताच पटतो, बोट ठेवून दाखवता येतो.)

आता चार्टशेजारी अजून एक कागद असतो, कुठलं ड्रॉइंग, कितवं रिव्हिजन, कोणी कोणाला द्यायचं, सही कोणाची. अण्णा सहीशिवाय मिक्सर चालू करत नाहीत. परवा मीच दिलेलं ड्रॉइंग त्यांनी परत पाठवलं, तारीख टाकायची राहिली होती.