सिंदफणा, बिंदुसरा आणि माझी बालाघाट मोटर्स

ऑटोमेशन नावाचा एक गेम आहे, कॅमशाफ्ट सॉफ्टवेअरवाल्यांचा. त्यात गाडी पळवायची नसते, बनवायची असते, म्हणजे पार बोअर (सिलेंडरचा व्यास) किती मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) किती, पिस्टन कास्ट घ्यायचे का फोर्ज्ड, मागं पाटे टाकायचे का कॉइल स्प्रिंग, इथपासून सगळं आपण ठरवायचं. १९४६ पासून २०२० पर्यंतचं कुठलंही साल धरा आणि त्या सालात जे तंत्र होतं त्यात गाडी बसवा. मी दोन वर्षं झाले हा गेम खेळायलोय आणि आता माझ्या कंपनीची, बालाघाट मोटर्सची, पूर्ण लाइनअप तयार झालीय, त्याबद्दल लिहायचं कधीचं मनात होतं.

सुरुवातीला मी सहा गाड्या बनवल्या होत्या. सहाच्या सहा वेगळ्या, प्रत्येकीचं इंजिन वेगळं, चासी वेगळी, एक तर व्ही-एट होती. दिसायला सगळ्या भारी. पण कॅम्पेन मोडमध्ये, म्हणजे जिथं पूर्ण कंपनी चालवावी लागते तिथं, टाकल्या की कंपनी खड्ड्यात, कारण प्रत्येक इंजिनाला आणि प्रत्येक बॉडीला इंजिनिअरिंगचा वेळ लागतो, टूलिंगचा, म्हणजे साच्यांचा, पैसा लागतो आणि गाडी बाजारात यायला कधी कधी काही वर्षं जातात. माझा चुलतभाऊ वाळूजला एका प्रेसशॉपमध्ये कामाला आहे, पत्रा दाबून दाराचे न् बॉनेटचे पार्ट काढतात तिथं. दिवाळीत गावाकडं आला तेव्हा त्याला स्क्रीन दाखवली तर तो म्हणला, "आरं, एका दाराच्या पॅनलला एक डाय नसती, ब्लँकिंगची वेगळी, ड्रॉची वेगळी, ट्रिमिंगची वेगळी, भोकं पाडायची वेगळी. सहा गाड्यांच्या एवढ्या डाय तुला कोण बनवून देणार? एक चासी धर आणि तिच्यातून दोन-तीन गाड्या काढ की."

तेवढ्यावरून मला नावांची कल्पना सुचली आणि खरं सांगतो, ती सुचल्यावरच माझी कंपनी कंपनीसारखी दिसायला लागली. आमचं गाव पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात. मांजरा आमच्याच तालुक्यात उगम पावते, सिंदफणाही. बीड शहरातून वाहणारी बिंदुसरा पुढं सिंदफणेला मिळते, सिंदफणा गोदावरीला मिळते, तिकडं धाराशिवकडची तेरणा मांजरेला मिळते. म्हणलं झालं, हाच आपला फॅमिली ट्री. जी नदी ज्या नदीला मिळते, त्या नावाच्या गाडीनं तिचीच चासी नाहीतर तिचंच इंजिन वापरायचं. हा नियम मी एकदाही मोडलेला नाही.

पहिली गाडी सिंदफणा, जीप, साल १९६५. शिडीसारखी लॅडर फ्रेम, पुढंमागं सॉलिड अ‍ॅक्सल आणि पाटे, बिडाचा (ओतीव लोखंडाचा) ब्लॉक, पुशरॉड, सिलेंडरला दोनच व्हॉल्व्ह. बोअर ८० आणि स्ट्रोक ९९, म्हणजे चार सिलेंडरचे मिळून १९९० सीसी. स्ट्रोक मुद्दाम लांब ठेवला आणि कॅम एकदम मवाळ, कारण मला वर पळणारं इंजिन नको होतं, घाटात शीट भरून दुसऱ्या गिअरवर न कुरकुरता चढणारं पाहिजे होतं. कॉम्प्रेशन ७.२ च ठेवलं. त्या काळचं हलक्या ऑक्टेनचं पेट्रोल आणि त्यावर आमच्याकडचा मे महिना, कॉम्प्रेशन थोडं जरी वाढवलं की नॉकिंग सुरू, म्हणजे इंजिन ठोकायला लागतं, गेम ते आकड्यात लगेच दाखवतो. एकच गोष्ट मनाला लागते की ह्या गेममध्ये डिझेल इंजिनच नाही. मराठवाड्यात जीप आणि ती पेट्रोलची, हे पचायला मला लै दिवस गेले. मी तिला मनातल्या मनात डिझेल समजूनच ट्यून केलंय, साडेचार हजार आरपीएमला लाल रेघ, टॉप स्पीड ११०, पहिला गिअर एकदम तगडा.

बिंदुसरा म्हणजे हीच सिंदफणा, मागची बॉडी कापून हौदा टाकलेली. बाजारला कांद्याची पोती, ऊसतोडीची टोळी निघाली की संसार. नवीन काही बनवलं नाही, फक्त मागचे पाटे कडक केले. रिकामी असली की आपटते, पण हौद्यात वजन पडलं की नीट बसते, खऱ्या पिकअपसारखंच.

तेरणावर मात्र माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. छोटी हॅचबॅक, मोनोकॉक (वेगळी फ्रेम नसलेली) बॉडी, पुढची चाकं ओढणारी, इंजिन आडवं, पुढं मॅकफर्सन स्ट्रट आणि मागं टॉर्शन बीम. आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक लहान गाड्यांचा हाच साचा आहे आणि तो का आहे ते हाताने बनवताना कळतं, ह्यात इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल सगळं पुढच्या पुढं बसतं आणि मागं माणसाला जागा मोकळी राहते. २००६ च्या बजेटमध्ये सरकारनं चार मीटरच्या आतल्या, पेट्रोल असेल तर १२०० सीसीच्या आतल्या गाड्यांची एक्साइज २४ वरून १६ टक्क्यांवर आणली होती. गेममधले देश काल्पनिक, तिथं असला नियम नाही, पण मी तो माझ्या कंपनीला स्वतःहून लावला. तेरणाची लांबी ३९८० मिलिमीटर आणि इंजिन ७२ बाय ७३, म्हणजे ११८९ सीसी. डिकी कापावी लागली, मागच्या काचेचा उतार तीनदा बदलला, पण नियमात बसवली.

आणि ह्याच इंजिनाची फॅमिली मोठी धरून ठेवली होती, ७५ बाय ८४ पर्यंत. तेवढा बोअर-स्ट्रोक उघडला की १४८४ सीसी होतात आणि ते गेलं मांजरामध्ये, जी घरची सेडान, शिक्षक, ग्रामसेवक, मेडिकलवाले यांच्यासाठी. ब्लॉक तोच, हेड तेच, फॅक्टरीची लाइन तीच. फक्त ८४ च्या स्ट्रोकला सहा हजारावर पिस्टनचा वेग सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जातो, ७३ ला साडेचौदाच असतो, म्हणून मांजराला कनेक्टिंग रॉड बरे टाकले आणि रेडलाइन खाली ओढली.

गोदावरी ही सगळ्यात वरची. आमच्या एका मित्राचं म्हणणं की मराठवाड्याच्या कंपनीनं लक्झरी गाडी कामून बनवावी, इथं घेणार कोण. तो विसरला की २०१० च्या ऑक्टोबरात औरंगाबादेत दीडशे मर्सिडीज एकदम घेतल्या होत्या लोकांनी, साधारण ६५ कोटींच्या, देशभर बातमी झाली होती. गोदावरीला मागच्या शिटवर बसणाऱ्या माणसाचा विचार करून बनवलंय, चारी चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, डॅम्पर मऊ, आणि कूलिंगचा स्लायडर गेम मागतो त्याच्या बराच वर. त्यानं हवेचा अडथळा वाढतो, दोन-तीन किलोमीटरचा टॉप स्पीड जातो, जाऊ दे, ४३ डिग्रीत एसी लावून संभाजीनगरच्या ट्रॅफिकमध्ये उभी राहणारी गाडी आहे ती.

हे सगळं झाल्यावर सिंदफणा बीमएनजी नावाच्या दुसऱ्या गेममध्ये एक्सपोर्ट केली, तिथं ती खरोखर चालवता येते, आणि बप्पांना बोलावलं. बप्पा म्हणजे माझे मोठे चुलते, एकवीस वर्षं पाटोदा ते बीड जीप चालवली त्यांनी, मांजरसुंब्याचा घाट दिवसातून चार वेळा. माझ्या लाइनअपमधली पहिली गाडी त्यांच्यासाठीच आहे, हे त्यांना मी सांगितलेलं नव्हतं. जॉन्सन व्हॅलीच्या मॅपवर दगडातून हळूहळू चढवून दाखवली. बप्पा खुर्ची पुढं ओढून बघत होते, एका चढावर त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला गेला.

"इथं दुसरा टाक," म्हणले. टाकला. चढली.

मग बराच वेळ गाडीभोवती कॅमेरा फिरवायला लावला. पाटे बघितले, चाकाची हवा किती विचारली, टपावरचा कॅरिअर बघून बरं म्हणले. मागून बघितल्यावर थांबले.

"मागची पायरी कुठंय रे?"

"कशाची पायरी बप्पा?"

"लोक उभं राहत्यात ती. पोरं कॉलेजला जायचे तिच्यावर उभं राहून. पायरी नाही तर चार शिटा कमी झाल्या की तुझ्या."

रात्री त्याच ट्रिममध्ये परत गेलो. गेममध्ये पायरी नावाचा पार्ट नाही, म्हणून एक बंपर घेतला, दाबून चपटा केला, खाली ओढून मागच्या दाराखाली बसवला आणि वर दोन्ही बाजूला धरायला दांडे लावले. बप्पांना फोटो पाठवलाय. दांडा अजून एक वीत वर पाहिजे म्हणले, ते आज करायचंय.