बादलीतलं कासव

सोमवारी सकाळी साडेनऊला गाडी धुवायला काढली होती. मॅट बाहेर टाकलेल्या, त्यातनं वाळू पडत होती, कारण आदल्याच रात्री कोकणातनं परत आलेलो, कासवाची ट्रिप. तेवढ्यात फोन आला. ट्रिपला आलेल्या एका वैनींचा. मला वाटलं चार्जर नाहीतर टोपी राहिली असेल गाडीत, दर ट्रिपला कुणाचं ना कुणाचं राहतंच. तर त्या हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, जरा घरी येताय काय? पोरानं कासव आणलंय. मी आत्ता बघितलो, लय घाबरलो बघा."

मी तसाच ओल्या पायानं गाडीवर बसलो आणि निघालो.

आधी मी काय करतो ते सांगतो म्हणजे पुढचं कळेल. माझी स्वतःची 17 सीटर ट्रॅव्हलर आहे, कोल्हापुरातच. वर्षभर लग्नाची वऱ्हाडं, तुळजापूर, पंढरपूर, जोतिबाचे पाहुणे असं चालू असतं, पण फेब्रुवारी ते एप्रिल मी शनिवार-रविवार धरून कासव महोत्सवाच्या, म्हणजे कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायच्या ट्रिपा नेतो. रात्री निघायचं, कराड-पाटण करत कोयना, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि तिथनं पुढं किनाऱ्याला. ह्या वेळी कुठल्या गावाला गेलेलो ते मुद्दाम लिहीत नाही, कारण चूक त्या गावाची अजिबात नव्हती, चूक माझ्या गाडीतली होती आणि थोडी माझी स्वतःची, तीच सांगायला हे लिहितोय.

घाट उतरताना लोक जागे होतात तेव्हा मी माईकवर माहिती सांगतो. ऑलिव्ह रिडले म्हणजे आपल्या किनाऱ्यावर येणारं समुद्री कासव, त्याची मादी नोव्हेंबर ते मार्च दरम्यान रात्री वाळूत येऊन खड्डा करून साधारण शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि मागं वळून न बघता समुद्रात जाते, पिल्लं बाहेर यायला 45 ते 60 दिवस लागतात, आणि वाळू किती तापली त्यावर आत नर होणार का मादी ते ठरतं, जास्त तापली तर माद्या जास्त. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला ही अंडी राखायचं काम 2002 ला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रनं सुरू केलं, गेलेले समुद्री गरुडाच्या घरट्यांचा सर्व्हे करायला आणि किनाऱ्यावर दिसली चोरून नेलेल्या कासवाच्या अंड्यांची टरफलं, ही गोष्ट मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी गाडी शांत होते. 2006 पासनं तिथं महोत्सव आहे. जी अंडी आधी विकली जायची त्याच अंड्यांच्या राखणीवर आज घरोघरी पाहुणे येतात, उकडीचे मोदक आणि सोलकढी वाढली जाते, मला हे खरंच मोठं काम वाटतं.

आणि शेवटी मी एक वाक्य टाकायचो, "हजार पिल्लांतलं एखादंच मोठं होतं." हे वाक्य टाकलं की बायका चुकचुकायच्या, पोरं खिडकीला नाक लावून बसायची. सात-आठ वर्षं मी हे वाक्य असंच शेवटी टाकत होतो.

तर त्या घरी पोचलो. पेठेतलं जुनं घर, मागं न्हाणीघर, आणि न्हाणीघरात रंगाच्या रिकाम्या बादलीत ते पिल्लू. नळाचं पाणी, त्यात घरातलं मीठ घातलेलं, वर चपातीचा तुकडा आणि कोथिंबिरीची दोन पानं तरंगत होती. पिल्लू काळंकरडं, माझ्या तळहाताच्या खळग्यात बसेल एवढं, वीस ग्रॅमपण वजन नसेल त्याचं, आणि ते बादलीच्या कडेला डोकं टेकवून पुढचे दोन्ही पाय मारत होतं. पुढं जायला जागा नाही तरी मारत होतं. डोकं कडेला आपटायचं, टक. परत टक.

आजी दारातच बसलेल्या. म्हणाल्या, "रातभर ह्येच चाललंय बाबा. मला वाटलं उंदीर हाय."

पोरगं चौथीतलं. कोपऱ्यात उभं, रडून रडून डोळे सुजलेले. त्यानं सांगितलं ते असं. रविवारी सकाळी सातला हॅचरीतली, म्हणजे किनाऱ्यावर अंडी राखून ठेवतात त्या जागेतली टोपली उचलली, पिल्लं सोडली, सगळे दोरीच्या मागं उभे, सगळं नियमात झालं. मग लोक नाश्त्याला गेले आणि हे पोरगं वडलांबरोबर किनाऱ्यानं बरंच पुढं चालत गेलं. तिथं लाटेनं एक पिल्लू परत आणून टाकलेलं, उलटं पडलेलं. वडील फोनवर होते. पोरानं पिल्लू सरळ केलं, तर परत लाट आली आणि परत त्याला बाहेर टाकून गेली. मग त्यानं आपल्या रुंद तोंडाच्या बाटलीत समुद्राचं पाणी भरलं आणि पिल्लू आत.

मी विचारलं, "का रे बाळा?"

"तुम्हीच म्हणाला ना काका, हजारातलं एकच जगतं. म्हटलं हे एक आपण जगवू."

मला खाली बसावं लागलं. मला आठवलं की कोयनानगरला चहाला थांबलो तेव्हा हा स्वतःच्या बाटलीला कुणाला हात लावू देत नव्हता आणि पाणी आईच्या बाटलीतलं पीत होता. मी बघितलं होतं ते. हसून पुढं गेलो होतो.

रात्री आजीला त्यानं सांगितलेलं. आजींचा विचार साधा होता, की मळ्यातल्या हिरीत सोडू, हिरीत कासव असलं की पाणी निर्मळ राहतं, देवळात गाभाऱ्यासमोर कासव असतंयच की, घरात आलं म्हणजे चांगलंच. यात काही वाईट नव्हतं त्यांच्या मनात. पण विहिरीतलं कासव वेगळं आणि हे वेगळं, हे खाऱ्या पाण्याचं, ह्याच्या पायाला वल्ह्यासारखी पाती असतात, ह्याला गोड्या पाण्याच्या विहिरीत टाकणं म्हणजे मारणंच.

वडील जरा बाजूला घेऊन म्हणाले, "दादा, गाजावाजा नको. शनिवारी तुमची ट्रिप हायच, तेव्हा घेऊन जावा आणि सोडा गुपचूप." खरं सांगतो, दोन मिनिटं माझ्याही मनात तेच आलं. माझी गाडी, माझा धंदा, त्या गावाचं नाव, सगळं डोळ्यासमोर आलं. हे जनावर वन्यजीव कायद्याच्या शेड्युल एकमधलं, वाघाच्या रांगेत बसणारं, शिक्षा तीन ते सात वर्षं. पण मीच ते गाडीत घालून गुपचूप नेलं तर तोच गुन्हा मी परत करणार, आणि शनिवारपर्यंत ते राहणार होतं का? मी वनखात्याच्या हेल्पलाइनला, 1926 ला फोन लावला. पोराच्या वडलांचा चेहरा पडला, पण त्यांनी अडवलं नाही, हे त्यांचं मोठेपण मी मानतो.

तिथनं कोल्हापुरातल्या साहेबांचा फोन आला आणि पहिलं वाक्य ओरडूनच, "आधी पाण्यातनं बाहेर काढा त्याला!" मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग त्यांनी समजावलं. पिल्लू अंड्यातनं निघतं तेव्हा पोटात पिवळ्या बलकाचा साठा घेऊन निघतं, तेवढीच शिदोरी. समुद्रात शिरलं की पहिला दिवसभर ते थांबत नाही, झपाट्यानं पोहत किनाऱ्यापासनं लांब जातं, कारण किनाऱ्याजवळ खाणारे जास्त. पाण्यात ठेवलं की ते पोहतच राहणार, मग ते पाणी समुद्राचं असो नाहीतर बादलीचं. म्हणजे रात्रभर जी टकटक चालली होती ती त्याची शिदोरी संपत होती. खायला काही द्यायचं नाही, उन्हात नाही, फॅनखाली नाही, ओलसर कापडात, अंधारात, गार जागेत ठेवा आणि कुणी बघत बसू नका.

वाळू माझ्या मॅटवर होती, त्याच किनाऱ्याची, पण त्यात सगळ्यांच्या चपलांची घाण. शेवटी आजींनी ट्रंकेतलं जुनं सुती लुगडं काढलं आणि टर्रकन फाडलं. ओलं करून पिळलं, चपलेच्या रिकाम्या खोक्यात अंथरलं. पिल्लू त्यावर ठेवलं तर पाच मिनिटांत त्याचे पाय थांबले. मला वाटलं गेलं. पण नाही, मान किंचित हलली.

वनखात्याची दोघं आली, पंचनामा झाला, वडलांचा जबाब झाला, माझाही झाला. पुढं कागदोपत्री काय झालं ते त्या घरचं आहे, इथं लिहिण्यासारखं नाही. साहेबांनी तिकडच्या वनखात्याशी बोलून ठरवलं की आंबा घाटातनं जवळात जवळचा समुद्र रत्नागिरीचा, आजच्या आज संध्याकाळी तिथं सोडायचं. मी म्हटलं माझी गाडी उभीच आहे, डिझेल माझं. साहेब म्हणाले चला. वडील आणि पोरगंपण बरोबर.

साडेबाराला निघालो. 17 सीटची गाडी आणि आत माणसं पाच आणि मधल्या सीटवर बेल्ट लावलेला चपलेचा खोका. एसी अगदी बारीक, झोत खोक्यावर येणार नाही असा. रस्त्याचं काम चालू, डायव्हर्जन, धुरळा, मी आयुष्यात एवढी सावकाश गाडी चालवली नाही, नवरीला घेऊन जातानासुद्धा नाही. मलकापूर गेलं, घाट लागला. पोरगं बोलत नव्हतं. मग मीच सांगायला लागलो की ओडिशात गहिरमाथ्याला 2021 च्या मार्चमध्ये एका मादीच्या पायाला टॅग लावला होता आणि तीच मादी 2025 च्या जानेवारीत आपल्या गुहागरला अंडी घालताना सापडली, अख्खा देश वळसा घालून. आणि गुहागरचीच बागेश्री, 2023 ला तिच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग लावलेला, ती श्रीलंकेला जाऊन पुढं बंगालच्या उपसागरात गेली. पोरगं म्हणालं, "त्यांना कुणी वाचवलं होतं?" मी उत्तर दिलं नाही, मला सुचलंच नाही.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा पाच वाजून गेलेले. तिथलं वनखातं आणि गावातले एक कासवमित्र हजर होते, साठीचे काका, अनवाणी, आठ महिने हॅचरीची राखण केलेल्यासारखं रापलेलं अंग. त्यांनी पिल्लू उलटं करून पोट बघितलं, पाती हळूच ओढून बघितली. "दमलंय. पण आहे," एवढंच म्हणाले. ऊन उतरेपर्यंत थांबलो. घारी होत्या वर.

मग काकांनी पोराला जवळ बोलावलं. रागावले नाहीत. म्हणाले, "बाळा, हजारात एक जगतंय हे तिलापण ठाऊक असावं, म्हणून तर ती एवढी अंडी घालते आणि पुन्हा पुन्हा येते. तिचा हिशेब तिनं करून ठेवलाय. कोल्हा, कुत्रं आणि माणूस अंड्याला लागू नये, तेवढं आपण बघायचं. पाण्याची रेघ आली की आपलं काम संपलं."

पिल्लू पाण्यात सोडलं नाही, पाण्याच्या दहा-बारा पावलं अलीकडं ओल्या वाळूवर ठेवलं. चालत गेलं तर अंगात ताकद आहे का ते कळतं. ते हललं नाही. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच. मी मनात अंबाबाईला हाक मारत होतो, लाज कसली. मग एक पाय हलला, वाळूवर रेघ उमटली, मग दुसरा. डोकं वर काढून थांबायचं, परत चालायचं. पहिली लाट आली तशी त्याला उचलून आत घेऊन गेली आणि आम्ही श्वास सोडतोय तोवर दुसऱ्या लाटेनं आणून परत टाकलं. उलटं. बरोबर पोराच्या पायाजवळ.

पोराचा हात पुढं गेला. कुणी काही बोललं नाही, मीसुद्धा नाही. तो हात मधेच थांबला, त्यानं दुसऱ्या हातानं स्वतःचं मनगट धरलं आणि घट्ट धरून उभा राहिला, ओठ दाबून. पिल्लानं मान वाळूत रुतवली, पाती आपटली, एकदा घसरलं, मग पालथं झालं. पुढच्या लाटेत शिरलं. त्याच्या पुढच्या लाटेत आम्हाला काही दिसलं नाही, त्याच्या पुढच्या लाटेतही नाही. टॉर्च बंद ठेवून अंधार पडेपर्यंत आम्ही सगळे तिथं उभे होतो, की परत येतंय का. आलं नाही.

त्यानंतर मी माईकवरचं ते वाक्य बदललं. हजाराचा आकडा अजून सांगतो, खरा आहे म्हणून, पण शेवटी सांगत नाही. शेवटी सांगतो की लाट पिल्लाला परत आणून टाकते, दोनदा टाकते, तीनदा टाकते, कधी उलटं टाकते, ते स्वतः वळतं, हात लावायचा नाही, कासवमित्राला हाक मारायची. आणि परत निघताना गाडीत चढायच्या आधी पोरांना विचारतो, दरडावून नाही, शेजारी बसून विचारतो, बाटलीत काय काय घेतलंय. शिंपले निघतात, खेकड्याचं कवच निघतं एखाद्याकडं.

त्या शुक्रवारी दुपारी वैनींचा परत फोन आला. मी जरा दचकूनच उचलला. "दादा, उद्याच्या ट्रिपला एक सीट हाय काय? सासूबाई म्हणत्यात मला न्या. मी म्हटलं गुडघे दुखत्यात तुमचे, तर म्हणाल्या, त्याची टकटक कानातनं जाईना, एकदा चालत जाताना बघू दे."

गाडी फुल होती. माझ्या शेजारची क्लीनरची सीट त्यांना दिली.