तीच अकरा गाणी, तेच चौघं, वीस वर्षांनी

शुक्रवार, रात्री उशिरा

स्विचफूट ह्या अमेरिकन रॉक बॅंडने 'द ब्यूटिफुल लेटडाउन' हा आपला २००३ चा अल्बम अख्खा परत रेकॉर्ड केलाय हे मला माहीत होतं, २०२३ मध्येच आला तो, अल्बमला वीस वर्षं झाली म्हणून, 'अवर व्हर्जन' असं नाव लावून. पण मी मुद्दाम ऐकला नव्हता. सरळ सांगायचं तर भीती वाटायची. आपल्या कॉलेजच्या वयातली गाणी त्याच लोकांनी चाळिशी ओलांडल्यावर परत म्हणायची म्हणजे गॅदरिंगला माजी विद्यार्थी स्टेजवर चढतात तसला प्रकार होणार याची मला जवळजवळ खात्रीच होती. आज आतेभावाने मस्कतहून लिंक पाठवली, खाली फक्त 'ऐक मुकाट्याने', म्हणून लावला. जेवण झालं, भांडी झाली, अल्बम दुसऱ्यांदा चालू आहे आणि मी हे लिहीत बसलेय.

मला हा अॅनिव्हर्सरी एडिशन प्रकार तसाही झेपत नाही. ठरलेलं असतं सगळं: जुनंच रेकॉर्डिंग घासूनपुसून जरा मोठ्या आवाजात, सोबत तीन-चार डेमो, एखादं लाइव्ह, रंगीत व्हायनल आणि किंमत बघितली की डोळे पांढरे. आपणच एकदा घेतलेली वस्तू आपल्यालाच परत विकतात. ह्यांनी निदान ते केलं नाही. त्याच अकरा गाण्यांना परत हात घातला, त्याच क्रमाने, आणि गंमत म्हणजे त्याच चौघांनी. गाणारा जॉन फोरमन, त्याचा भाऊ टिम, ड्रम्सवर चॅड बटलर, कीबोर्डवर जेरोम फाँटामियास. मधल्या काळात ड्र्यू शर्ली हा गिटारवाला आला, जवळपास दोन दशकं त्यांच्याबरोबर वाजवलं आणि २०२२ मध्ये बाहेर पडला, त्यामुळे बॅंड फिरून बरोब्बर २००३ च्या चौघांवर आला. असं ठरवून होत नाही हो.

आमच्याकडे हा बॅंड पोचला तो स्पायडरमॅनमुळे. खरंच. 'स्पायडरमॅन २' च्या साउंडट्रॅकमध्ये 'मेंट टू लिव्ह' होतं, २००४ ची गोष्ट, नगरला कुणाच्या तरी कॉम्प्युटरवरून सीडीवर उतरवून ते आमच्या चर्चच्या तरुण संघात आलं, आणि हे लोक ख्रिस्ती आहेत हे कळल्यावर तर काय, जणू आपल्याच गल्लीतला पोरगा वर्ल्ड कप खेळतोय. मग बाकीचा अल्बम शोधणं आलं, सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून गाणं अर्ध्यात अडकलेलं बघत बसणं आलं.

आतेभाऊ गिटार वाजवायचा, म्हणजे त्याला चार कॉर्ड यायचे आणि एफ यायचा नाही. 'मेंट टू लिव्ह' मध्ये काय होतं की सगळ्यात जाड तार ई वरून डी वर उतरवायची, तार सैल होते, जरा खरखरते पण, आणि मग जाड तीन तारांवर एकच बोट आडवं टाकलं की पॉवर कॉर्ड तयार. एक बोट! तेच बोट पुढेमागे सरकवायचं. ज्याला एफ जमत नव्हता तो पोरगा एका संध्याकाळी रॉकस्टार झाला. त्याच्या त्या तारा इतक्या गंजलेल्या होत्या की बोटाच्या टोकावर तपकिरी रेघ उमटायची आणि आत्या म्हणायची हात धुतल्याशिवाय पोळीला हात लावू नकोस. गाणं ऐकून ती म्हणाली होती, देवाला काय ऐकू कमी येतं का रे.

तिची तक्रार एकदम चूक नव्हती. आमची सगळी भक्ती पेटी-तबल्यावर वाढलेली, 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक मांडीवर घेऊन. कवी ना. वा. टिळक (१८६१ ते १९१९) आमच्याच नगरात राहिलेले, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि मग इंग्रजी चालीवर ओढूनताणून बसवलेल्या भाषांतरित गीतांच्या जागी अभंग-ओवीच्या वळणाची भजनं लिहून गेले. आजही म्हाताऱ्या बायका डोळे मिटून म्हणतात ती त्यांचीच. त्यात डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा तो मुद्दाम फाडलेला आवाज, कुठे बसवणार? पण टिळकांना, ख्रिस्तावर 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहिणाऱ्या माणसाला, त्याच्या काळात हे कीर्तन-बिर्तन चर्चमध्ये कशाला असं कुणी म्हटलं नसेल असं मला अजिबात वाटत नाही. आत्याला हे बोलायला मला तेव्हा सुचलं नाही. आणि सुचलं असतं तरी बोलायची हिंमत नव्हती.

झोपते. बाकीचं उद्या.

रविवार, दुपारी

काल राहिलंच. आज उपासनेहून येऊन चहा टाकला आणि परत हेच.

स्विचफूटला ख्रिश्चन रॉक म्हणायचं की नाही यावर आमच्यात कायम भांडणं व्हायची. अमेरिकेत ही वेगळीच बाजारपेठ आहे, १९६९ मध्ये लॅरी नॉर्मनचा 'अपॉन धिस रॉक' आला, त्याला बरेच जण पहिला ख्रिश्चन रॉक अल्बम धरतात, आणि पुढे त्याची वेगळी दुकानं, वेगळे चार्ट, वेगळे पुरस्कार असं अख्खं समांतर जग उभं राहिलं. 'ब्यूटिफुल लेटडाउन' दोन्हीकडून विकला गेला. कोलंबिया ह्या रेकॉर्ड कंपनीने नेहमीच्या दुकानात आणि स्पॅरो ह्या कंपनीने ख्रिस्ती दुकानात. अमेरिकेत वीस लाखांच्या वर खपला. जॉन फोरमन सतत सांगायचा की ख्रिस्ती ही आमची श्रद्धा आहे, संगीताचा प्रकार नाही, त्यामुळे काही कडवे लोक चिडायचे की येशूचं नाव थेट का घेत नाही, आणि दुसरीकडे रॉकवाले चिडायचे की हे चर्चवाले इथे कशाला. आणि मग २०११ मध्ये ग्रॅमी मिळाला तो कशात, तर 'हॅलो हरिकेन' ला, सर्वोत्तम रॉक किंवा रॅप गॉस्पेल (म्हणजे ख्रिस्ती भक्तिसंगीत) अल्बम म्हणून. घ्या.

मला त्यांचं ते अडून बोलणं आवडायचं आणि अजून आवडतं. 'मेंट टू लिव्ह' च्या मागे एलियटची 'द हॉलो मेन' ही कविता आहे, आधीच्या एका अल्बममध्ये किर्केगार्ड ह्या तत्त्वज्ञावर गाणं आहे, संत ऑगस्टीनवर आहे. म्हणजे पोरगा वाचत होता. तरुण संघात आम्हाला जी गाणी शिकवायचे त्यात सगळ्या प्रश्नांची उत्तरं दुसऱ्या कडव्यात मिळून जायची, इथे अल्बम संपला तरी प्रश्न तिथल्या तिथेच, आणि त्या वयात मला तेच खरं वाटायचं. आता? आताही बऱ्यापैकी तसंच.

बरं, 'अवर व्हर्जन' म्हटलं की टेलर स्विफ्ट आठवणारच, तिने २०२१ पासून 'टेलर्स व्हर्जन' सुरू केलं त्याच चालीवरचं नाव आहे. तिच्यामुळे सगळ्या जगाला कळलं की गाण्याचे हक्क दोन वेगवेगळे असतात. शब्द आणि चाल लिहिणाऱ्याची. पण ते जे एक ठराविक रेकॉर्डिंग असतं, मास्टर म्हणतात ते, ते बहुतेक वेळा कंपनीचं असतं कारण स्टुडिओचे पैसे तिने भरलेले असतात. करारातली मुदत संपली की तुम्ही तेच गाणं नव्याने रेकॉर्ड करू शकता आणि ते नवं रेकॉर्डिंग तुमचं. घर कंपनीच्या नावावर आणि नकाशा तुमच्या खिशात, तर दुसरं बांधा, असं आतेभावाचं म्हणणं, तो बांधकामात आहे त्यामुळे त्याला सगळीकडे घरंच दिसतात.

आणि ह्या बॅंडचं कंपनीशी काय चालायचं त्याचा एक किस्सा मला फार आवडतो. २००५ चा त्यांचा पुढचा अल्बम 'नथिंग इज साउंड' कोलंबियाची मालक सोनी बीएमजीने कॉपी प्रोटेक्शन घालून विकला, म्हणजे पैसे देऊन घेतलेली सीडी स्वतःच्या कॉम्प्युटरवरून आयपॉडमध्ये नीट टाकता येईना. त्यावर टिम फोरमनने काय केलं, तर स्वतःच चाहत्यांसाठी लिहून टाकलं की हे कुलूप कसं चुकवायचं, पायरी पायरीने. स्वतःच्या कंपनीच्या कुलपाची चावी! नंतर ते सोनीचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरमध्ये गुपचूप लपून बसतं हे बाहेर आलं, कोर्टकचेऱ्या झाल्या, त्या सीड्या परत मागवाव्या लागल्या. आम्ही इकडे नगरमध्ये बर्न केलेल्या सीडीवर मार्करने नाव लिहून ऐकत होतो, आम्हाला ह्यातलं काही माहीतच नव्हतं.

आता खरं ऐकण्याबद्दल. 'मेंट टू लिव्ह' नवीन चांगलं झालंय, पण जुन्यात ती सुरुवातीची गिटार अंगावर येते तशी इथे येत नाही, फार स्वच्छ वाजते, प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी. मला तिथे थोडा राडा हवा होता. (डीलक्समध्ये इतरांनी म्हटलेली गाणी आहेत आणि 'मेंट टू लिव्ह' जोनास ब्रदर्सनी म्हटलंय, ते एकदा ऐकलं, पुरे.) 'गॉन' मध्ये जॉन जवळजवळ बोलल्यासारखा गातो, शब्दांची नुसती फेकाफेक, ते बावीस-पंचविशीच्या उद्धटपणातच शोभतं, आता ऐकताना काका लोक पोरांची भाषा बोलतात तसं जरा वाटलं. 'अॅडिंग टू द नॉइज' मजेशीर, कारण त्यात तो स्वतःच म्हणतो की आम्ही पण गोंगाटच वाढवत असू तर बंद करा आमचं गाणं, आणि वीस वर्षांनी तेच गाणं परत रेकॉर्ड करून बाजारात. त्यांनापण हसू आलं असणार.

'डेअर यू टू मूव्ह' चं मात्र वेगळंच. ह्या गाण्यावर आतेभाऊ आणि मी नेहमी ओरिजिनल ओरिजिनल करत बसतो, पण २००३ चं ते ओरिजिनल नाहीच. ते गाणं २००० सालच्या 'लर्निंग टू ब्रीद' मध्ये आधीच होतं, 'ब्यूटिफुल लेटडाउन' साठी परत केलं आणि तेच गाजलं. म्हणजे आपण ज्याला मूळ म्हणून कवटाळून बसलोय तो मुळातच रीमेक आहे, आणि हा आत्ताचा तिसरा. हे कळल्यावर माझी निम्मी तक्रार गळून पडली. आज सकाळीच चर्चमध्ये टिळकांचं भजन म्हटलं, तबलजी आले नव्हते तर एका मुलाने काहोनवर, म्हणजे वर बसून हाताने वाजवायच्या लाकडी खोक्यावर, ठेका धरला, पट्टी फारच वर लागली, शेवटच्या कडव्यात अर्धे लोक गप्प. त्याचं मूळ रेकॉर्डिंग कुठलं हे कुणी विचारलं नाही. कुणाकडे असणार? शंभरेक वर्षं दर रविवारी अवर व्हर्जनच चाललंय की.

आणि मग शेवटचं, 'ट्वेंटी-फोर'. चोविशीच्या आसपास लिहिलेलं गाणं, आपण आत किती जण आहोत, त्यातला खरा कोण, असं काहीतरी, बरोबर फार वाद्यं नाहीत. हे सेहेचाळिशीत म्हणायचं म्हणजे आकडा तरी बदलावा ना? नाही बदलला. जुन्यात तो हे गाणं म्हणताना त्याला ते आत्ताच कळल्यासारखं वाटतं, थोडा घाबरलेला. नव्यात आवाज जाड झालाय, कडेला खरवडलाय, आणि तो घाईत नाही, एकेक ओळ संपू देतो. मी दोन्ही पाठोपाठ लावून बघितली, उलटसुलट करून बघितली, आणि मला नवंच जास्त आवडलं, हे आतेभावाला कबूल करायची माझी अजिबात इच्छा नाही.

तर यादी अशी केलीये. 'मेंट टू लिव्ह', 'गॉन' आणि 'अॅम्युनिशन' जुनी. 'ऑन फायर' आणि 'ट्वेंटी-फोर' नवी. 'डेअर यू टू मूव्ह' तिन्ही ठेवलीत, एकामागे एक, गाडीत नवरा कितीही ओरडला तरी. आतेभावाला पाठवली तर त्याचं उत्तर आलं, 'अॅम्युनिशन जुनं? कान तपासून घे.' आता रात्री फोन करून भांडते.