फीडचं बटण

मागच्या महिन्यात मॉड्युलर किचनच्या एका ऑर्डरपायी आमच्या राऊटरने, म्हणजे प्लाय कापायच्या कॉम्प्युटरवाल्या मशीनने, तीन दिवसांत चार बिट (फिरून कापणारी पाती) खाल्ले. माल १८ मिमीचा मरीन प्लाय, आयएस ७१० या मानकाचा, दोन्ही अंगांना माइका. बिट ८ मिमीचा, कार्बाइडचा, दोन धारांचा कॉम्प्रेशन, म्हणजे वरच्या-खालच्या दोन्ही अंगांचे टवके उडू न देणारा. एरवी असा बिट वीसेक शीट आरामात काढतो. इथे पाचव्या-सहाव्या शीटलाच माइकाचे टवके उडायला लागायचे.

मी सरळ बिटवाल्याला फोन लावला आणि डुप्लिकेट माल दिला म्हणून झाप झाप झापलं. तो शांतपणे म्हणाला, फोटो पाठवा.

फोटोसाठी बिट भिंगाखाली धरला, तर धारेवर कंगव्यासारख्या बारीक खाचा. शीटच्या कडेला उभा लावून पाहिला. प्रत्येक खाच बरोबर प्लायच्या थरांमधल्या ग्लूच्या तपकिरी रेषेसमोर! वाळलेला फिनॉलिक ग्लू धारेला कानशीसारखा घासतो. ‘प्लाय म्हणजे शेवटी लाकूडच की’ म्हणत रेट पाडणाऱ्या इंटिरियरवाल्यांना हा बिट एकदा दाखवायला हवा.

पण ग्लू काय, रोजचाच. म्हणून मशीनखालचा भुसा मुठीत घेतला. मैदा! कट नीट बसत असेल तर कीस पडतो आणि धारेची उष्णता बरीचशी त्याच्याबरोबर निघून जाते. पॅनेलकडे गेलो. फीडचं, म्हणजे बिट पुढे सरकायच्या वेगाचं, बटण ४० टक्क्यांवर. प्रोग्राम मिनिटाला ७ मीटरचा, बिट फिरवणारा स्पिंडल मिनिटाला १८,००० फेऱ्यांवर. म्हणजे एकेका धारेने ०.१९ मिमीचा घास घ्यायचा, ती घेत होती जेमतेम ०.०८. बिट प्लायला चावायच्या ऐवजी चाटत होता, आणि तापत होता.

ऑपरेटर पोरगा म्हणाला, “शेठ, बिट वाचावा म्हणून हळू चालवतोय.”

दिवाळीआधी त्याच्या हातून एक बिट तुटला होता. तेव्हा मी सगळ्यांसमोर पगारातून कापून घेईन म्हणालो होतो. मी ते केव्हाच विसरून गेलो होतो.

बटण १०० वर नेलं. त्याच दुपारी बिट पकडून ठेवणारं कोलेटही बदललं, आत रेझिन बसून काळंकुट्ट झालं होतं. पुढचा बिट बावीस शीट चालला. फीडमुळे की कोलेटमुळे, आता कळायला मार्ग नाही. दोन गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत, हे पोरांना मीच सांगत असतो.

बिटवाल्याला अजून फोन केलेला नाही.