पिंजरा मिळणार नाही, जाळी मिळेल : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं छोटं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. वडिलांच्या काळात खिडकीचं ग्रिल, गेट, जिन्याचं रेलिंग एवढंच काम असायचं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ती कामं थंडावली आणि नेमकं त्याच वेळी कळंबा, पाचगाव, उचगाव इकडं जो तो परड्यात गावठी कोंबड्या पाळायला लागला. आम्ही खुराडी करून द्यायला लागलो. पुढं लोकांच्या कोंबड्या जायला लागल्या, तशी दुसरीच मागणी सुरू झाली : "मुंगूस धरायचा पिंजरा करून द्या की ओ!"

तो पिंजरा आम्ही केला नाही आणि आजही करत नाही. एक तर कायदा आडवा येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पकडणं, फास लावणं, विष घालणं, आमिष दाखवणं हे सगळं शिकारीतच धरलंय, आणि मुंगूस, घोरपड, रानमांजर, नाग ही सगळी मंडळी त्या कायद्याच्या यादीत आहेत. हे सांगितलं की गिऱ्हाईक हसतं. कोल्हापूर तसं शिकारीचं गाव. संस्थानकाळात इथं काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळलेले, त्यामुळं आजोबांची एखादी गोष्ट प्रत्येकाकडं तयार असते. मग मी व्यवहाराचं बोलतो. मुंगूस धरून लांब सोडलं तरी खुराड्याचं भोक तिथंच आहे, दुसरं येणारच. बिबट्याच्या बाबतीत तर हे जुन्नरला मोजून झालंय. धरून दुसरीकडं सोडायचा सपाटा लावल्यावर तिथं माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेले. हा आकडा सांगितला की हसणं थांबतं.

मग राहिलं काय, तर भोक बुजवणं. आमचा सगळा धंदा त्यावर उभा आहे.

बाजारात मिळणारी पातळ षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवायला ठीक आहे, बाहेरच्याला ती अडवत नाही. कुत्रं ती दातानं ओढून फाडतं. आम्ही चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाच्या भोकांची जीआय वेल्डमेश (जस्ताचा मुलामा दिलेली, सांधे वेल्ड केलेली तारेची जाळी) लावतो आणि तळाच्या दीड-दोन फुटाला दोन सुती. चार सुतीतून बारीक साप आत शिरू शकतो आणि पिल्लू गिळून फुगला की बाहेर निघता येत नाही, तिथंच अडकतो. जाळी जमिनीला टेकवून सोडली तर खालून उकरून येतात, म्हणून ती बाहेरच्या अंगाला फूट-दीड फूट आडवी वळवायची आणि वर माती ओढायची. उकरणारं जनावर भिंतीच्या अगदी कडेला पाय मारतं, खाली जाळी लागली की तिथंच झटत बसतं. मागं सरकून लांबून खणावं हे त्याला सुचत नाही. कडी दुहेरी, उचलून मग ओढायची. हे सगळं साध्या खुराड्यापेक्षा महाग पडतं आणि घासाघीस होते. होऊ दे. तळाची जाळी कमी करून मी भाव उतरवत नाही.

ऑर्डर घ्यायच्या आधी आम्ही विचारतो, कोंबडी दिवसा गेली की रात्री? दिवसाढवळ्या गेली तर मुंगूस, आणि नुसती पिल्लं उचलली जात असतील तर घार किंवा शिक्रा. रात्री गेली तर रानमांजर, उदमांजर नाहीतर गल्लीतलं कुत्रं. टरफलाचा मागमूस न ठेवता अंडं गेलं तर सापावर संशय घ्यायचा. घारीसाठी वर जाळी ताणून बसवली की पुरतं. ती ढिली सोडलेली मला चालत नाही, कारण नायलॉनच्या लोंबत्या जाळीत पाखरं आणि धामणी गुरफटून मरतात. एकदा परसातल्या वेलाच्या जाळीत अडकलेली धामण सर्पमित्रानं कात्रीनं एकेक धागा कापून सोडवलेली बघितली. तेव्हापासून जमिनीलगत नायलॉन बंद.

मंगळवार पेठेतल्या एका कौलारू घराचं काम तर खुराड्याचं नव्हतंच. माळ्यावर उदमांजर. रात्रभर धडधड, विष्ठेची घाण, आणि घरातल्या आजी घाबरलेल्या. आम्ही सगळी भोकं शोधली, एक सोडून बाकीची जाळीनं बंद केली. राहिलेल्या भोकाला पत्र्याची हलकी झडप लावली, वर बिजागरी, बाहेरच उघडणारी. पण झडप लावायच्या आधी माळ्यावर पिल्लं नाहीत ना, हे बघावंच लागतं. असती तर ती आईमागं बाहेर पडेपर्यंत थांबलो असतो. आईला बाहेर कोंडली तर पिल्लं आत उपाशी मरतात आणि घराला वास मारतो तो वेगळाच. झडपेसमोर दोन्ही बाजूंनी रांगोळी भुरभुरली. सकाळी बाहेर जाणारे पंजे दिसले, आत येणारे नाहीत. आणखी काही रात्री तशीच रांगोळी टाकली, आतली बाजू कोरी राहिली, मग तेही भोक बंद केलं. आजींनी विचारलं, "आता ते बिचारं जाणार कुठं?" शेजारच्या आंब्यावर, म्हटलं.

उंदीर-घुशींसाठी लोक सर्रास विषाच्या वड्या टाकतात. विष खाल्लेला सुस्त उंदीर घुबड आयता उचलतं आणि तेही त्या विषानं मरू शकतं. म्हणजे उंदीर मारणारंच मारायचं. सांडलेला दाणा संध्याकाळी झाडून घ्या, खाद्य पत्र्याच्या डब्यात ठेवा, खुराडं जमिनीपासून उचलून घ्या. दाणा नाही तर उंदीर नाही, आणि उंदीर नाही तर नागाला तिकडं कामच उरत नाही. हा सल्ला आम्ही फुकट देतो. त्यातून काही ऑर्डरी बुडतात, हेही खरंय.

राधानगरी-भुदरगडकडून गव्यासाठी आणि आजरा-चंदगडकडून हत्तीसाठी फोन येतात. ते आमच्या जाळीचं काम नव्हे, त्यांना वनविभागाचा १९२६ नंबर देतो. बिबट्याचा माग दिसला असेल तर तिथंही आधी तोच नंबर. मात्र उसाच्या कडेच्या वस्तीवर शेळ्यांच्या गोठ्याला आम्ही चारी बाजूंनी जाळी आणि वरून छत करून देतो. चारी बाजू बंद आणि वर मोकळं, असा गोठा बिबट्याला सोयीचाच.

आता बरीच कामं मोबाइलवरच्या फोटोवर ठरतात. तेवढं एक सांगून ठेवतो : मेलेल्या कोंबडीचा फोटो पाठवू नका. खुराड्याचे चारी कोपरे, दाराची कडी आणि तळाची माती स्पष्ट दिसू द्या, म्हणजे माप घ्यायला माणूस पाठवायच्या आधीच अंदाजे खर्च सांगता येतो.