आमची वाटचाल : आग्रा हायवेवरचं शेड, नाना आणि आमचा वनटन

धुळ्यात अवधान एमआयडीसीत आमचं वर्कशॉप आहे. इंजिन बोरिंग, हेडचं काम, लेथ आणि जुन्या गाड्या परत उभ्या करणं हे आमचं आताचं काम. जुने गिऱ्हाईक भेटले की विचारतात, ताई तुमचं तर ट्रकचं गॅरेज होतं ना, पाटे आणि क्लचप्लेटवालं, मग हे कुठून आलं? तर ते आलं एका मिलिटरीतून रिटायर झालेल्या वनटन ट्रकमुळे, आणि तो ट्रक आम्ही धंद्यासाठी घेतलाच नव्हता, नानांसाठी घेतला होता.

नाना म्हणजे माझे वडील. ते ईएमईत होते, फौजेच्या गाड्या, तोफा, रेडिओ सगळं दुरुस्त करणारा जो विभाग आहे ना, १९४३ मध्ये सुरू झालेला, त्याच्यात व्हेइकल मेकॅनिक. पेन्शनवर आले आणि मुंबई-आग्रा हायवेच्या कडेला पत्र्याचं शेड टाकलं. इंदूरकडे जाणारे-येणारे ट्रक थांबायचे, पाटा तुटला, क्लच जळाला, हेडगॅस्केट गेलं, रात्री दोनला पण नाना उठायचे. मी त्याच शेडमध्ये पाने पुसत मोठी झाले, मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि परत तिथेच आले, दुसरीकडे जायचं कधी डोक्यातच आलं नाही.

नंतर रस्ता चौपदरी झाला, गाड्या थांबेनाशा झाल्या, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे कडक नियम. नवीन ट्रकचं बोनेट उघडायच्या आधी लॅपटॉप जोडावा लागतो आणि पार्ट खराब म्हणजे अख्खा बदलायचा, दुरुस्त करायचा प्रश्नच नाही. वॉरंटीतल्या गाड्या कंपनीच्या सर्व्हिसला जातात. त्यात लॉकडाऊन. सहा कारागीर होते, दोन राहिले. नाना खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायचे, ते बघवत नव्हतं मला.

अशात नानांच्या बरोबरच्या एका फौजी काकांचा साक्रीकडून फोन आला, इकडे एका शेतकऱ्याच्या खळ्यात वनटन उभा आहे, तो उद्या भंगारात देणार. नाना काही बोलले नाहीत, फक्त पायात चपला घातल्या. आम्ही पोचलो तर लिंबाखाली ट्रक, चारही टायर बसलेले, मागे पाण्याची टाकी वेल्ड केलेली, सगळा पिवळा रंगवलेला, आणि भंगारवाला गॅस कटर उतरवत होता. भंगारवाल्याने किलोचा जो भाव लावला होता त्याच्यावर थोडे चढवून आम्ही तो घेतला. घरी आणला तर आई म्हणाली, "हाई काय भंगार लई उनात?" म्हणजे हे काय भंगार घेऊन आलात. नाना ट्रकच्या बोनेटवर हात ठेवून नुसते उभे होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, वनटन म्हणजे एक टन माल वाहणारा फोर बाय फोर ट्रक, निसानच्या लायसनवर जबलपूरला बनायचा. फौजेचा शक्तिमान ट्रक जसा जर्मनीच्या मान कंपनीच्या लायसनवर १९५९ पासून जबलपूरला बनला तसाच हा. जोंगा ही फौजेची जीपसारखी गाडी पण तिथलीच, जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्लीची आद्याक्षरं म्हणजे जोंगा. वनटनमध्ये आणि जोंगात इंजिन एकच, ३९५६ सीसीचं सहा सिलेंडरचं पेट्रोल इंजिन, आणि आमच्या कामाला हेच सगळ्यात उपयोगी पडलं कारण वनटनचा पार्ट मिळाला नाही तर जोंगाचा शोधायचा.

ठरवलं फक्त रविवारी काम करायचं. इंजिन जाम होतं. सहाही प्लग काढून आत डिझेल आणि गिअर ऑइल मिसळून ओतलं, दर रविवारी परत भरायचं, क्रँकला पाना लावून हलतं का बघायचं, दीड महिना काहीच नाही. शेवटी हेड उतरवलं आणि बाभळीचा ठोकळा ठेवून हळूहळू ठोकत पिस्टन सोडवले, दोन तुटले. बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळ्या, गंजून खड्डे पडलेले. मग ब्लॉक बाहेरच्या शहरातल्या एका मशीनशॉपला बोरिंगला पाठवला, चाळीस थाऊ ओव्हरसाइज, म्हणजे बोअर इंचाच्या चाळीस हजारांश भागाने मोठे करायचे सांगितले होते, तो परत आला तेव्हा नानांनी डायल गेज लावलं आणि गप्प बसले. दोन बोअर तिरके झाले होते. पैसे पूर्ण घेतलेले, फोन केला तर म्हणे जुना ब्लॉक आहे एवढं चालतं.

मला फार राग आला आणि वाईटही वाटलं, कारण तसा ब्लॉक दुसरा कुठून आणणार. त्या आठवड्यात मी माझ्या मोडलेल्या एफडीच्या पैशातून एक जुनं बोरिंग मशीन घेतलं, एक वर्कशॉप बंद होत होतं त्यांच्याकडचं. नाना म्हणाले, एका ब्लॉकसाठी एवढं? मी म्हटलं, हो. मशीन उघडून साफ करून लेव्हलला बसवायला आम्हाला तीन आठवडे लागले, मग आधी भंगारातल्या ब्लॉकवर हात बसवला, मग त्या सहाही बोअरला स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, टाकून आम्ही आमच्या हाताने फायनल केलं. आजचं वर्कशॉप त्या मशीनभोवती उभं आहे.

व्हॉल्व्हचं काम मात्र नानांनी कोणाला हात लावू दिला नाही. बारा व्हॉल्व्ह. लाकडी काठीच्या टोकाला रबराची वाटी, ती व्हॉल्व्हच्या तोंडाला चिकटवायची, सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह बसतो त्या कडेवर, घासायची पेस्ट लावायची आणि दोन तळहातांत काठी धरून रवी फिरवतात तशी फिरवायची. नानांचे हात आता थरथरतात, चहाचा कप सांडतो, पण काठी हातात आली की थरथर थांबायची, कशी ते मला अजून कळलेलं नाही. मला म्हणाले, बघू नको, ऐक. सुरुवातीला चर्र चर्र खरखरीत आवाज येतो, मग पेस्ट बारीक होत जाते तसा आवाज मऊ होतो, मग व्हॉल्व्ह उचलायचा, पुसायचा, कडेला सगळीकडे सारखी राखाडी रेघ दिसली पाहिजे, एका जागी जरी चमकली तरी परत. शेवटी पोर्टमध्ये रॉकेल ओतून ठेवायचं आणि खालून एक थेंब पण यायला नको. अकरा पास झाले, बारावा चार वेळा केला.

रेडिएटरची पितळी टाकी चेपली होती, ती सोनगीरच्या एका तांबट काकांनी सरळ करून दिली, भांडी घडवणारा हात, ठोक्याची खूण सुद्धा राहिली नाही, आणि पैसे घेईनात.

रंगाचं ऐका आता. पिवळा रंग घासला, त्याखाली निळा, त्याखाली ऑलिव्ह ग्रीन. बंपरवर पाण्याचा पॉलिश पेपर मारता मारता आमच्याकडे कामाला असलेल्या पोराने हाक मारली, ताई इकडे या. वर टोक केलेला बाण दिसत होता. फौजेच्या नंबरात आधी तो बाण असतो, मग वर्षाचे दोन आकडे. इंग्रजांच्या काळात सरकारी मालावर असायचा तोच हा बाण. नाना चष्मा लावून खाली वाकून किती वेळ बघत होते.

माझी इच्छा होती ट्रक मूळ रंगात करायची. पण १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२१ नंबरचा नियम आहे, ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कोणालाच लावता येत नाही. काही लोक म्हणाले कोण बघतंय, लावा. नाना म्हणाले, रंग फौजेचा आहे, बाण पण फौजेचा आहे, आपण ठेवायचा नाही. त्यांनी आधी फोटो काढायला लावला आणि मग बाणावर प्रायमरचा पहिला हात स्वतः मारला. पेंटरने दहा शेड दाखवल्या, शेवटी आईने ठरवला, कळण्याच्या भाकरीचा असतो ना तसा काळपट करडा. फार छान दिसतो उन्हात.

एक गोष्ट मात्र नानांनी ठेवलीच. मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला, गोळा पांढरा रंगवायचा आणि त्याच्यावर एक छोटा दिवा. रात्री कॉन्व्हॉय, म्हणजे फौजेच्या गाड्यांचा ताफा, हेडलाइट बंद करून चालतो तेव्हा मागच्या ड्रायव्हरला पुढचा ट्रक त्या पांढऱ्या गोळ्यावरूनच दिसतो. आमच्या ट्रकच्या मागे कोणता कॉन्व्हॉय येणार, पण दिवा लागतो, मी स्वतः वायरिंग केलंय.

चालू केला तो खंडेनवमीचा दिवस, हत्यारांची पूजा झाली, नारळ फोडला, नाना स्टीअरिंगवर. दोनदा नुसता फिरला, तिसऱ्यांदा धडधडला आणि सहा सिलेंडरचा तो एकसारखा आवाज लागला. शेजारचे पॉवरलूमवाले काका ओरडले, "चालू व्हई गई रे भो!" नाना खाली उतरले नाहीत, अर्धा तास तसेच बसले, पेट्रोल किती जळालं ते मी विचारलं नाही.

कोणाला असा ट्रक घ्यायचा असेल तर एवढंच सांगते, इंजिन नंतर बघा आधी कागद बघा. फौजेच्या लिलावातल्या गाडीला रजिस्ट्रेशनसाठी फौजेच्या संबंधित ऑफिसने दिलेला मूळ फॉर्म २१, म्हणजे विक्रीचा दाखला, लागतो. आमच्या नशिबाने त्या शेतकऱ्याच्या आईने तो पेटीत लुगड्यांखाली जपून ठेवला होता. २०२१ च्या व्हिंटेजच्या नियमात दुचाकी आणि कार-जीपसारख्या प्रवासी गाड्या येतात, मालवाहू ट्रक येत नाही, म्हणून आमचं रजिस्ट्रेशनचं रिन्यूअल साध्याच रस्त्याने चालू आहे. ते होईपर्यंत वनटन कंपाउंडच्या आतच फिरतो.

धंद्याचं म्हणाल तर त्या वर्षी कोणीतरी ट्रकचे फोटो पुढे पाठवले, आणि एक जण जुन्या ट्रॅक्टरचा ब्लॉक घेऊन आला की बोअर सरळ कोण करतं ते तुम्हीच ना. मग विलीज जीप आली, शिरपूरकडून डिझेल पंपाचं इंजिन आलं, ज्यांचा पार्ट मिळत नाही असं सगळं आमच्याकडे यायला लागलं. आता आम्ही पाच जण आहोत, गेलेल्यांपैकी दोघं परत आलेत. ब्लॉक देताना प्रत्येक बोअरचं माप आम्ही कागदावर लिहून देतो, वर, मध्ये, खाली, आणि गिऱ्हाइकासमोर गेज लावून दाखवतो.

परवा नंदुरबारहून एक मुलगा जोंगाचं हेड पोत्यात गुंडाळून घेऊन आला, आजोबांची गाडी म्हणे. मी माप घेईपर्यंत नानांनी खुर्ची सरकवली, काठी घेतली आणि त्या पोराला जवळ बसवलं. म्हणाले, बघू नको, ऐक.